विंडोज 10 निवृत्त झालं, लॅपटॉप मात्र धडधाकट आहे. मग लिनक्सच्या ‘उंदरा’ची एवढी चर्चा का?

14 ऑक्टोबर 2025 ला कोट्यवधी लोकांचे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले. वॉलपेपर तोच, आयकॉन तेच, घरघरणारा पंखाही तोच. पण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. 29 जुलै 2015 ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षांनी अधिकृतपणे निवृत्त झाली.

सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही. सिस्टीममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कंपनीचं कोणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. दाराला कुलूप आहे, पण त्या कुलपाची डुप्लिकेट किल्ली बाजारात आली तर कुलूप बदलून मिळणार नाही. आणि याच लॅपटॉपवरून घरात नेटबँकिंग चालतं, पीएफचं पोर्टल उघडलं जातं, मुलांच्या ॲडमिशनचे फॉर्म भरले जातात.

मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे. ती घ्यायला 30 डॉलर किंवा तितकीच स्थानिक चलनातली रक्कम, नाहीतर कंपनीच्या रिवॉर्ड्स योजनेतले 1000 पॉइंट्स लागतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकटही मिळते. ही सवलत 13 ऑक्टोबर 2026 ला संपते. त्यानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरात सध्या ‘लिनक्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय.

लॅपटॉप जुना झाला, हे ठरवलं कुणी?

सरळ उपाय म्हणजे विंडोज 11 वर जाणं. अडचण तिथेच सुरू होते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धापासून बाजारात आलेले प्रोसेसर. त्याआधीचा आय5 किंवा आय7 कितीही दणकट असला तरी तो यादीबाहेर. अटी चुकवून विंडोज 11 टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर 2023 मध्येच अंदाज मांडला होता की, या बदलामुळे जगभरातले सुमारे 24 कोटी कॉम्प्युटर ई-कचऱ्यात जाऊ शकतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरी त्यातला मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. या मशीन बिघडलेल्या नाहीत. त्यांच्यासाठीचं सॉफ्टवेअर बंद झालं म्हणून त्या ‘जुन्या’ ठरल्या.

‘एंड ऑफ 10’ नावाची एक मोहीम 2025 मध्ये याच मुद्द्यावर उभी राहिली. केडीईसारख्या लिनक्स प्रकल्पातली मंडळी त्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं साधं आहे: नवीन लॅपटॉप घेऊ नका, आहे त्यावर लिनक्स टाका. विंडोज 10 निवृत्त झालं त्याच दिवशी झोरिन ओएस या लिनक्सची 18 वी आवृत्ती आली. साधारण महिनाभरात तिचे 10 लाख डाउनलोड झाल्याचं आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त विंडोजवरून झाल्याचं तिच्या निर्मात्यांनी सांगितलं. अर्थात डाउनलोड करणारा प्रत्येक जण ते टाकतोच असं नाही. पेन ड्राइव्हमध्ये पडून राहिलेल्या आयएसओ फाइलींची संख्याही कमी नसावी.

त्याआधी, एप्रिल 2025 मध्ये, प्यूडीपाय या स्वीडिश यूट्यूबरने आपण लिनक्सवर गेल्याचा व्हिडिओ टाकला. त्याने एका मशीनवर लिनक्स मिंट आणि दुसऱ्यावर आर्च लिनक्स टाकून त्यावर हायपरलँड बसवलं. लिनक्सशी आयुष्यात संबंध न आलेल्या लोकांच्या फीडमध्ये सरकत्या-तरंगत्या खिडक्यांचे डेस्कटॉप दिसायला लागले ते तेव्हापासून.

पण ‘लिनक्स टाका’ हे अर्धंच उत्तर आहे. लिनक्स टाकल्यावर समोर जे दिसतं, ते लिनक्स नसतंच.

मग समोर दिसतं ते काय असतं?

लिनक्स हा मुळात कर्नल आहे. म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वाय-फाय यांच्याशी बोलणारा आतला भाग. वापरणाऱ्याला तो कधी दिसत नाही. दिसतो तो डेस्कटॉप: खालची पट्टी, मेनू, घड्याळ, खिडक्यांच्या कडा, फोल्डर उघडणारा प्रोग्रॅम. या सगळ्या बाहेरच्या आवरणाला डेस्कटॉप शेल किंवा डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात.

विंडोजमध्ये हे आवरण एकच असतं आणि ते मायक्रोसॉफ्ट ठरवतं. स्टार्ट बटण मधोमध न्यायचं असं कंपनीने ठरवलं की ते सगळ्यांचंच मधोमध जातं. लिनक्समध्ये आतला भाग तोच ठेवून आवरण बदलता येतं. एकाच मशीनवर दोन-तीन आवरणं ठेवून लॉगिन करताना आज कोणतं हवं ते निवडताही येतं.

उबंटूबरोबर येणारं ग्नोम हे यातलं सगळ्यात जास्त दिसणारं आवरण. दुसरं मोठं नाव केडीई प्लाझ्मा. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या गेमिंग मशीनच्या डेस्कटॉप मोडमध्ये तेच आहे. दोन्ही देखणी आहेत, दोन्हींवर भरपूर काम होतं, आणि 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही जरा जडच जातात. अशा मशीनसाठी हलकी आवरणं वेगळी आहेत. एलएक्सक्यूटी, माते आणि त्यांच्यात सगळ्यात जुनं एक्सएफसीई, ज्याचं बोधचिन्ह आहे उंदीर.

उंदराची गोष्ट

1996 च्या सुमाराला युनिक्स कॉम्प्युटर्सवर सीडीई नावाचा डेस्कटॉप चालायचा. तो विकत घ्यावा लागे. ऑलिव्हिए फूर्दां या फ्रेंच प्रोग्रॅमरने त्याच्यासारखाच दिसणारा, पण लिनक्सवर फुकट चालणारा डेस्कटॉप लिहायला घेतला. सुरुवातीला ती नुसती एक पट्टी होती. त्याने ती रेड हॅट लिनक्समध्ये घालण्यासाठी प्रयत्न केला, पण रेड हॅटने नकार दिला. कारण ज्या एक्सफॉर्म्स लायब्ररीवर ती बांधली होती, तिचं लायसन्स मुक्त नव्हतं.

फूर्दांने 1999 मध्ये सगळं नव्याने लिहायला घेतलं, जीटीके या मुक्त लायब्ररीवर. एक्सएफसीई नावातला ‘एक्सएफ’ त्या जुन्या एक्सफॉर्म्सचा. ती लायब्ररी कधीच गेली, नाव मात्र चिकटून राहिलं. पुढे फूर्दां स्वतः रेड हॅटमध्येच कामाला लागला, हा या गोष्टीतला मजेशीर भाग.

हा प्रकल्प कधीच मोठा झाला नाही. आजही मूठभर लोक, बरेचसे आपापली नोकरी सांभाळून, तो चालवतात. त्यामुळे नवी आवृत्ती निवांत येते. 4.12 फेब्रुवारी 2015 मध्ये आली आणि त्यानंतरची 4.14 थेट ऑगस्ट 2019 मध्ये. फोनमध्ये दर महिन्याला बटणांची जागा बदललेली पाहणाऱ्यांना हे मागासलेपण वाटेल. एक्सएफसीई वापरणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

2011 मध्ये असं काय झालं?

एक्सएफसीईला खरी गर्दी मिळाली ती दुसऱ्यांच्या भांडणामुळे. एप्रिल 2011 मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. खालची पट्टी गेली, मिनिमाइझचं बटण गेलं, मेनूच्या जागी पूर्ण स्क्रीनभर पसरणारा आराखडा आला. वर्षानुवर्षं एका पद्धतीने काम करणाऱ्यांचे हात अडखळले. उबंटूनेही त्याच वेळी युनिटी नावाचं स्वतःचं वेगळं आवरण आणलं होतं, त्यामुळे पळून जायचं तर कुठे, हाही प्रश्न होता.

चिडलेल्यांमध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स होता, म्हणजे लिनक्सचा जन्मदाता. त्याने ग्नोम 3 वर जाहीरपणे तोंडसुख घेतलं आणि आपण एक्सएफसीईवर गेल्याचं सांगितलं. (दोनेक वर्षांनी तो ग्नोमकडे परतला. हे सांगायला एक्सएफसीईचे चाहते विसरतात.)

बाकीच्यांनी आपापली चूल मांडली. अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने जुन्या ग्नोम 2 चा कोड उचलून ‘माते’ सुरू केलं. नाव ठेवलं तिकडच्या ‘येर्बा माते’ या चहासारख्या पेयावरून. लिनक्स मिंटच्या लोकांनी सिनॅमन काढलं. उबंटूचं युनिटी 2017 मध्ये गुंडाळलं गेलं आणि उबंटू पुन्हा ग्नोमवर आलं.

या भांडणात एक गोष्ट दिसली. सॉफ्टवेअरचा कोड खुला असेल तर कंपनीने किंवा मुख्य टीमने घेतलेला निर्णय शेवटचा नसतो. विंडोज 8 मधून स्टार्ट मेनू गेला तेव्हाही लोक असेच चिडले होते, पण जुन्या विंडोजचा कोड उचलून वेगळी चूल मांडायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

हलकं म्हणजे नेमकं किती हलकं?

इथे बऱ्याच यूट्यूब व्हिडिओंमध्ये थाप असते. ‘दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप रॉकेट झाला’ वगैरे.

हिशोब करून पाहू. नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवर, एकही प्रोग्रॅम न उघडता, एक्सएफसीईचा डेस्कटॉप ढोबळमानाने पाऊण जीबीच्या आसपास रॅम घेतो. ग्नोम एक जीबीच्या पुढे जातं. आकडे मशीनप्रमाणे आणि आवृत्तीप्रमाणे बदलतात, पण फरक काहीशे एमबीचा असतो. 16 जीबी रॅम असेल तर हा फरक जाणवतही नाही. 4 जीबी असेल तर मात्र तो फरक म्हणजे ब्राउझरमधले आणखी चार-पाच टॅब.

आणि ब्राउझर हाच खरा खादाड आहे. यूट्यूब, जीमेल, व्हॉट्सॲप वेब आणि एखादी बातम्यांची साइट एकदम उघडली की क्रोम किंवा फायरफॉक्स आवरणाच्या दुप्पट-तिप्पट मेमरी सहज गिळतं. तिथे लिनक्स असो की विंडोज, उंदीर असो की हत्ती, सुटका नाही.

मग हलक्या आवरणाचा फायदा कुठे दिसतो? पहिला, ग्राफिक्समध्ये. ग्नोम आणि केडीईच्या हालचाली, सावल्या, धूसर पार्श्वभूमी ग्राफिक्स चिपवर काम टाकतात. एक्सएफसीईमध्ये हे सगळं करणारा कंपोझिटर एका टिकमार्कने बंद करता येतो. दुसरा फायदा पाठीमागे चालणाऱ्या कामांमध्ये. फायलींची सूची बनवत बसणारे प्रोग्रॅम एक्सएफसीईमध्ये मुळात कमी असतात, त्यामुळे जुनी फिरती हार्ड डिस्क सतत कुरकुरत नाही.

जुन्या लॅपटॉपला सगळ्यात मोठा फरक पडतो तो त्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने. कोणतंही आवरण तेवढं काम करू शकत नाही. जमलं तर 4 जीबीची आणखी एक रॅमची पट्टी. हे दोन बदल गल्लीतला रिपेअरवाला तासाभरात करून देतो. लिनक्स मिंट स्वतः किमान 2 जीबी रॅम सांगतं आणि 4 जीबी असली तर बरं असं म्हणतं. त्या ‘किमान’वर विसंबून 2 जीबीच्या मशीनवर आजचं इंटरनेट वापरायला बसणं म्हणजे लोकलच्या लगेज डब्यात दिवाळीचं सामान घेऊन शिरणं.

फार जुन्या, 32 बिट प्रोसेसरच्या मशीनचा विषय तर जवळपास संपलाच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने अशा मशीनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

मनासारखं करायचं म्हणजे काय करायचं?

एक्सएफसीई पहिल्यांदा उघडलं की जरा निराशाच होते. विशेषतः डेबियनबरोबर येणारं मूळ रूप: वर एक करडी पट्टी, खाली एक छोटी, आणि मध्ये वॉलपेपरवर उंदीर. 2008 मधल्या सायबर कॅफेची आठवण यावी असं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी सजवलेली असते. तिथे पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. विंडोज 7 वापरलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही.

खरी गंमत त्या पट्टीवर राइट-क्लिक केल्यावर सुरू होते. पट्टी वर, खाली, डावीकडे, कुठेही नेता येते. रुंद स्क्रीनच्या लॅपटॉपवर ती डाव्या बाजूला उभी लावली तर लिहिण्या-वाचण्याला उंची जास्त मिळते. एकाऐवजी तीन पट्ट्या ठेवता येतात. प्रत्येकीत काय असावं हेही निवडता येतं: मेनू, उघड्या खिडक्या, आवाजाचं बटण, बॅटरी, हवामान. व्हिस्कर मेनू नावाचं मेनूचं एक रूप आहे, त्यात नाव टाइप करून प्रोग्रॅम शोधता येतो. जेनेरिक मॉनिटर नावाचा एक जोडभाग तर कोणत्याही कमांडचं उत्तर पट्टीवर दाखवतो, त्यामुळे हौशी लोक तिथे प्रोसेसरच्या तापमानापासून काहीही लावतात.

हे सगळं उलटसुलट करण्याआधी एक काम करावं. ‘पॅनल प्रोफाइल्स’ नावाचं छोटं टूल असतं. त्यात सध्याची मांडणी सेव्ह करून ठेवायची. चुकून पट्टीच उडाली, आणि पहिल्या आठवड्यात ती उडतेच, तर परत आणता येते. त्याच टूलमध्ये तयार मांडण्याही असतात, एका क्लिकवर डेस्कटॉपचा चेहरा बदलणाऱ्या.

नवख्यांना हमखास घाबरवणारी आणखी एक गोष्ट. रिकाम्या डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरवलं की एक्सएफसीई दुसऱ्या वर्कस्पेसवर उडी मारतं आणि उघडलेल्या सगळ्या खिडक्या गायब होतात. काहीही हरवलेलं नसतं. चाक उलटं फिरवलं की सगळं परत. ही सोय नको असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन बंद करता येते.

रंगरूप बदलायला थीम असतात. एक्सएफसीईमध्ये बटणं-मेनूंची थीम वेगळी, खिडक्यांच्या कडांची वेगळी आणि आयकॉनची वेगळी. सुरुवातीला हे त्रासाचं वाटतं, पण म्हणूनच कोणतीही जोडी जमवता येते. डाउनलोड केलेली थीम होम फोल्डरमधल्या थीमच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकली की सेटिंग्जमध्ये दिसायला लागते.

डाउनलोड करताना थोडं सावध राहिलेलं बरं. मार्च 2024 मध्ये केडीईची एक ‘ग्लोबल थीम’ बसवल्यावर एका वापरकर्त्याच्या सगळ्या वैयक्तिक फाइल्स पुसल्या गेल्या. ती थीम केडीईच्या अधिकृत स्टोअरमधूनच घेतलेली होती. त्या प्रकारच्या थीमला मशीनवर कोड चालवता येतो आणि त्या कोडमध्ये चूक होती. एक्सएफसीईच्या नेहमीच्या थीम म्हणजे मुख्यतः रंगांची वर्णनं आणि चित्रं, त्यामुळे हा धोका कमी. पण थीमबरोबर ‘ही इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवा’ असं लिहिलेलं असेल आणि ती पासवर्ड मागत असेल, तर ती थीम सोडून द्यावी. इतर हजार आहेत.

मराठीचं काय?

युनिकोड मराठी लिनक्सवर नीट दिसतं. मिंट, उबंटू, डेबियन यांच्यासाठी नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट सहज मिळतात. टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतंच असंही नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’ या टॅबवर जाऊन भारतीय भाषांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार चालणारं ‘कगप’ निवडलं की झालं. पट्टीवर कीबोर्ड लेआउटचा जोडभाग लावला तर इंग्रजी-मराठी एका क्लिकवर बदलतं. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवायची सवय असेल तर आयबस नावाची व्यवस्था बसवावी लागते. तिला पहिल्या दिवशी थोडा वेळ द्यावा लागतो.

अडतं ते जुन्या फायलींपाशी. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या ऑफिसात आणि बऱ्याच सरकारी टेबलांवर वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमच्या सुरेख वगैरे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर साठलेला आहे. या फॉन्टमध्ये ‘क’ दिसत असला तरी आत साठलेलं असतं भलतंच अक्षर. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. फाँट बसवून वाचणं जमेलही, पण टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असतं. अशांनी आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्यावा. जोडाक्षरं आणि रफार यात हमखास चुका होतात, म्हणून कन्व्हर्ट झाल्यावर डोळ्यांखालून घालावा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते लिनक्सवर जायचं नसलं तरी कधीतरी करावंच लागणार आहे.

कुणी या वाटेला जाऊ नये?

ज्यांचं पोट टॅली, कोरल ड्रॉ किंवा फोटोशॉपवर आहे, त्यांनी मुख्य मशीनवर हा प्रयोग करू नये. हे प्रोग्रॅम लिनक्ससाठी बनत नाहीत. वाइनसारख्या युक्तीने कधी चालतात, कधी ऐन महिनाअखेरीला चालत नाहीत. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी पाहावं. प्रिंटरचंही तसंच. काही प्रिंटर लावताच चालतात, काही स्वस्त लेझर प्रिंटर रडवतात. लिबर ऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण भरपूर तक्ते आणि चौकटी असलेला सरकारी नमुना जागचा हलू शकतो.

उलट घरात ब्राउझर, व्हिडिओ, झूमवरचे क्लास, थोडंफार टायपिंग आणि फोटो साठवणं एवढंच होत असेल, तर अडायचं फारसं कारण नाही. शिवाय टाकण्याआधी बघता येतं. मिंटची आयएसओ फाइल रूफससारख्या टूलने पेन ड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा आणि हार्ड डिस्कला हातही न लावता तासभर वापरून पाहायचं. वाय-फाय चालतंय का, आवाज येतोय का, स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त होतोय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का. ही परीक्षा नीट झाली तरच पुढे, आणि पुढे जाण्याआधी सगळ्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कुणी केलंय का, तर हो. केरळच्या सरकारी शाळांमध्ये अनेक वर्षांपासून लिनक्स आहे. तिथल्या काइट या सरकारी संस्थेने उबंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती बनवली आणि लायसन्सचे सुमारे 3,000 कोटी रुपये वाचल्याचा दावा 2019 मध्ये केला. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य आपले सुमारे 30,000 सरकारी कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टवरून हलवतंय; आधी लिबर ऑफिस, मग लिनक्स. महाराष्ट्राच्या दाराशीच, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलं, त्यालाही जवळपास दोन दशकं होत आली. केंद्राचं सरकारी कामात ओपन सोर्स वापरण्याचं धोरण 2015 चं. कागदावर सगळं आहे. तहसील कचेरीतल्या स्क्रीनवर मात्र अजून विंडोजच दिसतं.

उंदरापुढे आता मांजर कोणतं?

एक्सएफसीईला सध्या खरी काळजी आहे ती वेलँडची. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर आणण्याचं काम 1987 मध्ये आलेली एक्स11 नावाची व्यवस्था करत आलीय. तिच्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत डोकावता येतं, टाइप केलेलं वाचता येतं. एकेकाळी हे चालून गेलं, आज ते सुरक्षेच्या दृष्टीने खटकतं. वेलँड ही तिच्या जागी येणारी नवी व्यवस्था, 2008 मध्ये सुरू झालेली.

मोठ्या आवरणांनी उडी मारलीय. सप्टेंबर 2025 मधल्या ग्नोम 49 मध्ये एक्स11 चं सेशन मुळात बंद ठेवलेलं आहे आणि उबंटू 25.10 मधून ग्नोमचं ते सेशन गेलं. एक्सएफसीईकडे तेवढं मनुष्यबळ नाही. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या त्याच्या 4.20 आवृत्तीत जवळपास सगळे भाग वेलँडवर चालतात, पण प्रायोगिक म्हणून. खिडक्या सांभाळणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम त्यात नाही. त्या जागी लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर हे दुसऱ्यांचे प्रोग्रॅम उसने घ्यावे लागतात.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर याचा परिणाम आज होत नाही. लिनक्स मिंट 22 मध्ये एक्सएफसीईची 4.18 ही आवृत्ती आहे, ती एक्स11 वरच चालते आणि मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीने, नाहीतर बिजागरीने, आधीच मान टाकलेली असेल.